कोपराने

लेवार्डनच्या प्रयोगशाळेत आमची गाय
सोळा मोटरींची आहे.
शिंगं नाहीत, शेपूट नाही.
टेबलाला बोल्टांनी आवळलेली एक लोखंडी नळी,
नळीच्या तोंडाशी रबराची बाही.
बाकीची गाय चष्म्यात.

गुरांचे डॉक्टर होऊ बघणारी पोरं
अडलेली गाय सोडवायला इथे शिकतील, असा बेत आहे.
आणि ती खरी वाटते का, हे सांगायला
विब्रेन दर मंगळवारी येतो.
चिखलाचे बूट दाराबाहेर काढतो,
चष्मा चढवतो,
बाहीत खांद्यापर्यंत हात घालतो
आणि डोळे मिटून घेतो.
चष्म्यातल्या गोठ्यात, पेंढ्यावर पडलेल्या उजेडात
येल्मरचे सात आठवडे गेलेत.
विब्रेनने तो गोठा अजून पाहिलेला नाही.

काय लागतंय?
"जेली."
पुढच्या मंगळवारी, "भिजलेली गादी."
त्याच्या पुढच्या, "मेव्हण्याचं पोट."

मी आकडे वाढवत गेले.
सेकंदाला हजार वेळा आम्ही हाताशी खोटं बोलतो.
त्यातलं एखादं उशिरा पोचलं
की सगळी गाय थरथरते
आणि हात समजून चुकतो.
डोळ्यांचं बरं असतं, जरा रंग दाखवला की ते राजी.
कातडी दाबून बघितल्याशिवाय पैसे काढत नाही.

ऊब घातली, साडेअडतीस अंश.
बुळबुळीतपणा घातला.
वासराला कान दिले, पापण्या दिल्या.
तो म्हणाला, "इथे सगळं माझी वाट बघत बसलंय.
मी दाबलं की दबतं, सोडलं की सुटतं.
गाय अशी पाहुणचार करत नसते, पोरी.
कळ आली की तिला तुझ्या हाताशी काही देणंघेणं नाही.
इकडे तिचं हाड, तिकडे वासराचं कपाळ,
मध्ये तुझं मनगट. बस मग."

मग कॉफी निवू देत त्याने क्लास्के एकतीसचं सांगितलं.
फेब्रुवारीतली रात्र, कालवा गोठलेला,
डॉक्टर तीन गावं पलीकडे.
वासराची मान मागे वळलेली, हाताला एकच खूर.
चार कळांत बोटं मेली.
आपलं काय आणि तिचं काय, कळेना.
जीव आहे का बघायला
चाचपत चाचपत तोंड शोधलं, बोट आत सारलं.
"चोखलं," म्हणाला.
"अजून जन्मलं नव्हतं, आणि चोखलं."
पुढचं त्याने सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.
यंत्राला तेवढं पुरे होतं,
असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

तो हिवाळा मी कळा लिहिण्यात घालवला.
वेळापत्रक नसलेल्या, एकीसारखी दुसरी नसलेल्या,
हात काढता काढता गाठणाऱ्या.
सुरक्षा समितीचं पत्र आलं: जोर कमी करा.
थोडा केला. थोडा केला असं कळवलं.
आणि आत, अगदी आत,
बोटभर लांबीची एक हवेची पिशवी बसवली.
तिला एवढंच येतं:
आवळायचं, सोडायचं, आवळायचं.
विब्रेनला काही बोललो नाही.

मार्चमधल्या मंगळवारी तो अकरा मिनिटं आत होता.
दोनदा दात आवळले. एकदा काहीतरी पुटपुटला,
फ्रिशियनमध्ये, आमच्याशी नाही.
नवव्या मिनिटाला त्याचा खांदा
एकदम थांबला.
तसाच थांबून राहिला.

हात बाहेर काढला, चष्मा काढला,
काय लागलं ते सांगितलं नाही.
हात अंगापासून लांब धरून, कपड्यांना लागू न देता
कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेला,
साबण घेतला, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून,
वर दंडापर्यंत घासत राहिला.
हात कोरडा ठणठणीत होता.
खाली पाणी जसं आलं तसंच वाहून जात होतं
आणि तो त्या पाण्याकडे बघत होता.

येल्मर अजून अहवाल मागतोय.
दहापैकी किती, असा एक रकाना आहे.
मी त्यात लिहिलंय:
नळ त्याने कोपराने उघडला.